आईला तीसपैकी १९, लेकीला 'मॉडरेट' : या मानसिक चाचण्यांवर किती विसंबायचं?

सांजसकाळ

मंडळी, एकाच महिन्यात घरात दोन कागद आले. दोन्हींवर आकडे आहेत आणि दोन्हींनी झोप उडवली आहे.

पहिला लेकीच्या शाळेतून. नववीत आहे. शाळेने वर्गात बसवून मोबाइलवर एक प्रश्नावली भरून घेतली. "गेल्या दोन आठवड्यांत खालील त्रास किती वेळा झाला?" अशा धाटणीचे नऊ प्रश्न. तिला १२ गुण, पुढे 'मॉडरेट', आणि खाली एक ओळ : पालकांनी समुपदेशकांना भेटावे. कोणत्या, कुठे, कधी, काही नाही. लेक म्हणते, "सगळ्यांनाच काहीतरी आलंय, तू टेन्शन घेऊ नकोस."

दुसरा आईचा. वय ७४, चौथी पास, सगळं आयुष्य कोरेगाव तालुक्यातल्या खेड्यात गेलं. बाबा गेल्या वर्षी गेले, तेव्हापासून आमच्याकडे पुण्यात, अकराव्या मजल्यावर. इथल्या ज्येष्ठ नागरिक संघात २१ सप्टेंबरला अल्झायमर दिनाचं शिबिर होतं. शेजारच्या काकू घेऊन गेल्या. तीसपैकी १९. तिथल्या मुलीने सांगितलं, "आजींना मेमरीचा प्रॉब्लेम दिसतोय, न्यूरोला दाखवा." तेव्हापासून आई गप्प असते. परवा विचारत होती, "मला खुळं लागतंय का गं?" हीच बाई दुधाचा हिशोब आणि कामवालीचे खाडे तोंडपाठ ठेवते.

नवरा म्हणतो दोन्ही कागद रद्दीत घाल. बहीण म्हणते दोघींना उद्याच डॉक्टरकडे ने. या चाचण्या खरंच काही सांगतात का? कुणाला अनुभव?

टवाळ_कार्टं

रुमाल टाकून ठेवतो. बाकी तीसपैकी १९ म्हणजे फर्स्ट क्लास. आमच्या घरी एवढ्यावर पेढे वाटले असते.

गणितमास्तर

टवाळा, जरा दम धर.

सांजसकाळ, आईंना नेमकं काय काय विचारलं? घड्याळ काढायला लावलं का? मराठीत विचारलं की हिंदीत? वाचायचा चष्मा बरोबर होता का? हे कळल्याशिवाय १९ ला काहीच अर्थ नाही.

सांजसकाळ

घड्याळ होतं, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची. एका चौकोनी खोक्याचं चित्र बघून तसंच काढायचं. प्राणी ओळखायचे : सिंह आणि उंट ओळखले, गेंड्याला रानडुक्कर म्हणाली. शंभरातून सात सात वजा करत जायचं, तिथे दोनदा करून थांबली. पाच शब्द लक्षात ठेवायचे होते, दोन आठवले. विचारणारी मुलगी मराठी-हिंदी मिसळून बोलत होती. आणि तारीख विचारली तर आई म्हणाली "सर्वपित्री अमावास्या". ते बरोबर होतं हो! पण २१ तारीख सांगता आली नाही, म्हणून शून्य.

टवाळ_कार्टं

ही स्मरणशक्ती वगैरे तपासायची 'मोका' चाचणी दिसते. आजींना मोक्का लावला म्हणायचा.

सर्वपित्रीला मात्र माझ्याकडून दोन गुण. त्या परीक्षक मुलीला तिथी विचारा, बघू किती पडतात.

कऱ्हाकाठ

हसू आलं, पण एक सांगू? नवरा जाऊन वर्ष झालेलं नाही किंवा नुकतंच झालंय, दिवस सर्वपित्रीचा, बहुधा सकाळपासून पान वाढायची गडबड झालेली, आणि त्यात शिबिरात नेऊन बसवलं. मी त्या जागी असते तर मला माझं नावही धड सांगता आलं नसतं. कुणी हा विचार केला की नाही?

वऱ्हाडी_पाव्हणा

माझं स्पष्ट मत : हे सगळं धंद्यासाठी आहे. आमच्या आजीनं नव्वदीपर्यंत कोणती परीक्षा दिली नव्हती. विसरायची, आम्ही हसायचो, तीही हसायची. पोरांचं तर विचारूच नका. आम्ही नववीत असताना मास्तर छडीने मॉडरेट करायचे.

प्राजक्त७

वऱ्हाडी, "आजी विसरायची, आम्ही हसायचो" हे वाक्य मीही म्हणत होतो.

माझे वडील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. निवृत्तीनंतर ७१ व्या वर्षी हीच चाचणी झाली, २८ गुण. डॉक्टर खूश, आम्ही खूश. पण आई सांगत होती की ते पेपरवाल्याला एकाच महिन्याचे पैसे दोनदा देतात, गॅस बंद करायचा राहतो, स्वभाव संशयी झालाय. आम्ही तिलाच गप्प केलं, "२८ आहेत अगं." दीड-दोन वर्षांनी ते चिंचवडहून निघून सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याच्या पत्त्यावर गेले. तिथे आता इमारत आहे. तेव्हा कुठे पूर्ण तपासणी झाली आणि निदान झालं. शिकलेल्या माणसाला या चाचण्यांत बराच काळ गुण मिळत राहतात, हे नंतर समजलं.

तेव्हा रद्दीत घालू नका. तारखेच्या गुणावर भांडण्यापेक्षा दोन वर्षांपूर्वीच्या आई आणि आताच्या आई यांत काय फरक पडलाय ते लिहून काढा. मला ते कुणी तेव्हा सांगायला हवं होतं.

गणितमास्तर

+१. एवढा एक प्रतिसाद वाचला तरी धाग्याचं काम झालं.

न्यूजर्सीकर

आमच्या सासूबाईंची गंमत. इथे डॉक्टरांनी 'भारतीय भाषेचा' दुभाषी फोनवर दिला, तो निघाला गुजराती. प्रश्न : आपण कोणत्या काउंटीत आहोत? सासूबाई : "लेकीकडे." काउंटी हा प्रकार मलाही इथे येऊन सहा वर्षं कळला नव्हता. मग विचारलं, देशाचा प्रमुख कोण, तर त्यांनी प्रतिप्रश्न केला, "कुठल्या देशाचा?" मला वाटतं त्या खोलीत सगळ्यात भानावर त्याच होत्या.

टवाळ_कार्टं

सासूबाईंना दंडवत कळवा.

हिमांगी_व्ही

उशिरा येतेय. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. इथे कुणाचं निदान करणार नाही, फक्त कागद कसे वाचायचे ते सांगते.

लेकीचा कागद. वर्णनावरून ही नैराश्यासाठीची पीएचक्यू-९ प्रश्नावली किंवा तिची किशोरांसाठीची आवृत्ती. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. १० ते १४ ला 'मध्यम' म्हणतात. ही चाळणी चाचणी आहे, निदान नव्हे. चष्म्याच्या दुकानात हनुवटी टेकवून मशीनवर नंबर काढतात, ती चिठ्ठी घेऊन कुणी थेट काच बसवत नाही, पुढे अक्षरं वाचून घेतात. शाळेने मशीनची चिठ्ठी दिली आणि अक्षरं वाचून घ्यायचं तुमच्यावर सोडलं.

शाळा अचानक हे का करताहेत, तर जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ नेमावा, असं त्यांत आहे. काही ठिकाणी नेमणुकीआधी फॉर्मच भरून झाले.

आईंचा कागद. 'मोका' २००५ ची, कॅनडातल्या मॉन्ट्रियलची. त्याआधीची १९७५ ची एमएमएसई. दोन्ही तीस गुणांच्या, दोन्ही शाळेत गेलेल्या, कागद-पेन्सिलीची सवय असलेल्या माणसांसाठी बेतलेल्या. मोकामध्ये बारा वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षण असेल तर एक गुण वाढवून देतात. एकच. म्हणजे बारावी पास आणि चौथी पास दोघांनाही तोच एक गुण. आयुष्यात ज्यांनी घनाचं चित्र काढलेलं नाही त्यांनी ७४ व्या वर्षी ते काढावं आणि नाही आलं तर मेंदूत बिघाड, हा निष्कर्ष कच्चा आहे.

हे आपल्याकडे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. हरियाणातल्या बल्लभगढ भागात १९९० च्या दशकात निरक्षर वृद्धांसाठी एमएमएसईची हिंदी आवृत्ती बनवली, तेव्हा लिहिण्या-वाचण्याचे भाग बदलले. आणि तिथेच घरच्यांना विचारायची वेगळी प्रश्नावली केली : रोजची कामं स्वतःची स्वतः होतात का, वाट चुकतात का, व्यवहार जमतो का. प्राजक्त म्हणतात तेच.

पण प्रश्नांतले दोष दाखवून १९ पूर्ण पुसताही येत नाही. तारीख, घन, गेंडा, सगळे गुण परत दिले तरी पाचांतले तीन शब्द आठवले नाहीत हे उरतं. त्याला कारणं बरीच असू शकतात. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, सोडियम उतरणं, ऐकू कमी येणं, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या. आणि दुःख. उतारवयातलं नैराश्य पुष्कळदा "मन लागत नाही" असं न बोलता "डोकं चालत नाही" असं बोलतं. हे सगळं तपासता येतं आणि यातलं बरंचसं सुधारतं. म्हणून उद्याच धावू नका, पण महिनाभरात जा.

कऱ्हाकाठ

हिमांगी, नैराश्यासाठी म्हाताऱ्यांची वेगळी प्रश्नावली असते ना? आमच्या आत्याला हो/नाही असे प्रश्न विचारले होते.

हिमांगी_व्ही

हो, जीडीएस. १९८० च्या दशकातली, आधी ३० प्रश्नांची, मग १५ ची छोटी केली. हो किंवा नाही एवढंच उत्तर, म्हणून आजी-आजोबांना सोपी जाते. तिच्यात झोप, भूक, अंगदुखी हे प्रश्न मुद्दाम घेतले नाहीत. सत्तरीत झोप कमी आणि गुडघे दुखरे असतातच, त्याचे गुण धरले तर अर्धा ज्येष्ठ नागरिक संघ उदास निघेल.

डोंबिवली_फास्ट_नव्हे

ऐकू येण्याच्या मुद्द्याला दुजोरा. बाबा शब्द विसरत नव्हते, त्यांनी ते ऐकलेच नव्हते. "चेहरा" म्हटलं की त्यांना "सेहरा" ऐकू यायचं आणि ते तेच लक्षात ठेवायचे! मशीन लावलं, काही महिन्यांनी पुन्हा चाचणी झाली, गुण वाढले. आता त्यांना आमचं स्वयंपाकघरातलं बोलणं ऐकू येतं हा नवा प्रश्न.

गणितमास्तर

शाळेच्या चाचणीचा हिशोब मांडून बघू. २००१ साली पीएचक्यू-९ प्रौढांवर तपासली तेव्हा १० गुणांच्या रेषेवर नैराश्य असलेल्या १०० पैकी ८८ जण सापडले, आणि नसलेल्या १०० पैकी ८८ जणांना बरोबर वगळलं गेलं. भारतात २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक आजारांचं प्रमाण ७.३ टक्के आलं. (हा सगळ्या आजारांचा मिळून आकडा, नुसत्या नैराश्याचा कमी. शिवाय त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हताच.)

तरी समजण्यापुरतं शंभर मुलांत सात धरू. सातांतले सहा सापडतील. उरलेल्या ९३ पैकी १२ टक्के, म्हणजे अकरा जण, विनाकारण रेषेच्या वर जातील. एकूण सतरा मुलांच्या घरी कागद जाणार, त्यांतले सहा खरे. म्हणजे लेक म्हणते ते बरोबर : बऱ्याच जणांना "काहीतरी" आलं असणार.

प्राजक्त७

मास्तर, हिशोब मान्य, पण ते अकरा "विनाकारण" नाहीत. त्यांना नैराश्य नसेल, पण क्लासचा ताण असेल, कुणी छळत असेल, घरात भांडणं असतील. दोन आठवडे झोप लागत नाही असं पोराने लिहिलं तर कारण विचारायला निदान कशाला हवं?

अर्धवट_अकरावी

मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदा लिहिते. माझं वय १६.

आमच्याकडे पण असा फॉर्म भरून घेतला. खरं सांगू का, बहुतेक जण सगळीकडे शून्य टाकतात. कारण शेजारची मुलगी बघत असते, मॅम पाठीमागून फिरत असतात आणि वर नाव-रोल नंबर असतो. शेवटच्या प्रश्नाला (मरावंसं वाटतं का, तो) खरं लिहिलं तर घरी फोन जातो हे सगळ्यांना माहीत असतं. मुलगे तर मजा म्हणून सगळीकडे ३ टाकतात. म्हणून जिला १२ आलेत तिने बहुतेक खरं लिहिलंय, असं मला वाटतं. मध्यम गुण कोणी मजेत काढत नाही.

टवाळ_कार्टं

बाई, सगळ्या धाग्यात सर्वांत शहाणं वाक्य तुझं आहे. लिहीत जा.

हिमांगी_व्ही

अकरावीला अनुमोदन. आणि शाळावाल्यांपैकी कुणी वाचत असेल तर : वर्गात बसवून, नावासकट, निकाल कुणाच्या हाती जाणार हे न सांगता भरून घेतलेला फॉर्म जवळजवळ निरुपयोगी असतो. निकाल वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्याचंही मी पाहिलंय. त्यानंतर ती मुलं कुठल्याच फॉर्मवर खरं लिहीत नाहीत.

सांजसकाळ, शाळेकडून फक्त बेरीज नका घेऊ, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मागा. विशेषतः हा शेवटचा, नववा प्रश्न. तिथे शून्याखेरीज काहीही असेल तर बेरीज कितीही असो, त्याची वेगळी दखल घ्यायची असते.

नाना_नागपूरकर

अवांतर होतंय, पण चाचण्या आपल्या मातीतल्या नाहीत असा सूर दिसला म्हणून लिहितो. १९१६ च्या स्टॅनफर्ड-बिने बुद्धिमापन चाचणीवरून व्ही. व्ही. कामतांनी १९३४ च्या सुमारास मराठी आणि कानडी मुलांसाठी धारवाडकडे चाचणी तयार केली. बिने-कामत म्हणून ती आजही वापरतात. पुढे आमच्या नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रात डॉ. मलिन यांनी वेक्सलरच्या चाचणीवरून भारतीय मुलांसाठी १९६९ मध्ये मापनश्रेणी केली. पुण्यात आप्पा पेंडशांनी १९६२ ला ज्ञान प्रबोधिनी काढली तीच बुद्धिमापनाच्या अभ्यासातून. मराठी मुलांचं मन मोजायचा खटाटोप नव्वद वर्षांचा आहे.

हिमांगी_व्ही

नाना, छान आठवण. तक्रारही तिथेच आहे. बिने-कामतचे निकष इतके जुने आहेत की आजच्या पोरांचा बुद्ध्यंक फुगून येतो. आणि अध्ययन अक्षमतेच्या दाखल्यापर्यंतचे निर्णय अशा आकड्यांवर अवलंबून असतात. दहावीला जादा वेळ मिळणं किंवा न मिळणं ही लहान गोष्ट नाही. खटाटोप सुरू करणारे होते, दर पंधरा-वीस वर्षांनी निकष नवे करणारे कमी पडले.

चिंचगुळ

दाखल्यावरून आठवलं. भाच्याच्या क्लासवाल्यांनी बोटांचे ठसे घेऊन बुद्धी मोजून दिली. डीएमआयटी की काय. चांगली चार आकडी फी, चाळीस पानी रंगीत रिपोर्ट. त्यात लिहिलंय मुलाची 'सांगीतिक बुद्धिमत्ता' प्रबळ. भाचा आरती म्हणतो तेव्हा गणपतीसुद्धा डोळे मिटतो. हे खरं असतं का?

हिमांगी_व्ही

नसतं. इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने २०१९ मध्ये जाहीर भूमिका घेतली की याला शास्त्रीय आधार नाही. ठशांचा आणि बुद्धीचा असा संबंध सिद्ध झालेला नाही. पैसे परत मागा, मिळणार नाहीत ही गोष्ट वेगळी.

बॅच_२०१७

दहावीला बोर्डाची कलचाचणी दिलेले कोण आहेत इथे? २०१६ ला सुरू झाली, आम्ही दुसरे बकरे. माझा कल आला 'गणवेशधारी सेवा'. वडिलांनी गावभर सांगितलं पोरगं पीएसआय होणार. सध्या मी बँकेत आहे, गणवेश म्हणून गळ्यात आयकार्डाची दोरी.

टवाळ_कार्टं

माझा कल त्या वेळी खिडकीकडे होता. आजही तोच आहे, चाचणी अचूक.

दर्यावर्दी

गोव्यातून. 'धंदा' म्हणणाऱ्या वऱ्हाडी भाऊंसाठी एक वेगळी गोष्ट. आमच्याकडे साठीच्या वरच्या, नैराश्याची थोडी लक्षणं असलेल्या पण आजार न झालेल्या १८१ जणांवर एक प्रयोग झाला, २०१९ ला प्रसिद्ध झाला. त्यांच्याकडे डॉक्टर गेलेच नाहीत. प्रशिक्षण दिलेले साधे गावातले कार्यकर्ते घरी जायचे. झोप कशी सुधारायची, दुखणी आणि साखर कशी सांभाळायची, पेन्शन-योजनांचे कागद कसे करायचे, रोजच्या अडचणी एकेक करून कशा सोडवायच्या, एवढंच बोलायचे. वर्षभराने त्या गटात ४.४ टक्के लोकांना नैराश्य आलं, नेहमीच्या उपचारांच्या गटात १४.४ टक्के.

तिथेही आधी प्रश्नावलीनेच माणसं निवडली होती. प्रश्न विचारल्यावर पुढे कोणी घरी येणार की नाही, यावर सगळं आहे.

वऱ्हाडी_पाव्हणा

हे पटलं. माझा राग फॉर्मवर नाही, फॉर्म देऊन पळून जाणाऱ्यांवर आहे. आमच्या तालुक्यात मानसशास्त्रज्ञ नाही. जिल्हा रुग्णालयात विभाग आहे, एसटीने तीन तास. शिबिरवाले येतात, फोटो काढतात, "पुढे दाखवा" म्हणतात. पुढे म्हणजे कुठे, हे फोटोत दिसत नाही.

कऱ्हाकाठ

पाव्हणं, १४४१६ लावून बघा, टेली-मानस. केंद्र सरकारची सेवा आहे, २०२२ पासून. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. माझ्या मैत्रिणीला तिथून जवळच्या रुग्णालयाचं नावही मिळालं. तीन तासांची एसटी वाचत नाही, पण पहिलं बोलणं होतं.

सांजसकाळ

सगळ्यांचे आभार. कामात होते, आता सविस्तर लिहिते.

हिमांगीताई, तुमच्या सांगण्यावरून शाळेकडून पूर्ण उत्तरपत्रिका मागितली. आधी "फक्त निकाल देतो" म्हणाले. लेखी अर्ज दिल्यावर मिळाली. झोप ३, थकवा ३, एकाग्रता ३, खाणं २. नवव्या प्रश्नाला १. 'काही दिवस'. बेरीज १२ आणि शेरा 'मॉडरेट' इतकंच आमच्यापर्यंत आलं होतं. त्या एका १ बद्दल शाळेतलं कुणी एक शब्द बोललं नव्हतं.

रात्री तिच्या शेजारी आडवी झाले आणि आडून आडून न विचारता सरळ विचारलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मरायचं नाहीये आई. पण कधी कधी वाटतं सकाळी उठूच नये." पहाटे साडेपाचला फाउंडेशनचा क्लास, मग शाळा, आणि वर्गातल्या तीन मुलींनी जूनपासून तिच्याशी बोलणं टाकलंय. हे मला माहीत नव्हतं. आजीला माहीत होतं.

अर्धवट_अकरावी

ताई, तिला सांगा बोलणं टाकणाऱ्या मुली मला पण होत्या. आता मी त्यांच्याकडे बघत पण नाही. आणि क्लास बंद करून टाका प्लीज.

हिमांगी_व्ही

सांजसकाळ, सरळ विचारलंत हे योग्य केलंत. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो अशी भीती लोकांना असते, तसं होत नाही.

आता थांबू नका. या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञ किंवा किशोरांसोबत काम करणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. तोवर घरातल्या गोळ्या-औषधं कुलपात, तिला एकटीला जास्त वेळ ठेवू नका, पण पहाराही वाटू देऊ नका. "उठू नये" पासून पुढे काही ठरवल्यासारखं बोलली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता रुग्णालयात. रात्री-अपरात्री अडलं तर वरचा १४४१६.

क्लासचा निर्णय तिच्यासमोर बसून घ्या, तिच्यामागे नको.

प्राजक्त७

आणि शाळेला लेखी विचारा की नववा प्रश्न कोण वाचतं. तुमच्यासाठी नाही, उरलेल्या सोळा घरांसाठी.

वऱ्हाडी_पाव्हणा

छडीबद्दल वर जे लिहिलं ते मागे घेतो. पोरीला आशीर्वाद.

सांजसकाळ

गुरुवारी जातोय. क्लास तिने स्वतःच "दिवाळीपर्यंत नको" म्हटलं, नवराही काही बोलला नाही.

आईचं राहिलं. रक्त तपासलं, बी-१२ बरंच कमी निघालं, इंजेक्शनं सुरू केलीत. कानाची तपासणी पुढच्या आठवड्यात. प्राजक्त, तुम्ही म्हणालात तशी फरकांची यादी काढली. व्यवहार, स्वयंपाक, औषधं, सगळं जागेवर. पण गावी असताना रोज देवळात जायची, चार बायकांशी बोलायची. इथे लिफ्टला घाबरते म्हणून खालीच उतरत नाही. एवढा एकच मोठा फरक निघाला आणि तो मेंदूचा की मजल्याचा, ते डॉक्टरांना विचारणार आहे.

डोंबिवली_फास्ट_नव्हे

मशीन घेणार असाल तर आधी काही दिवस ट्रायलला मागा. बाबांचं पहिलं कपाटातच पडून होतं.

हिमांगी_व्ही

सहा महिन्यांनी आईंची चाचणी पुन्हा करून घ्या, शक्यतो त्याच माणसाकडून, संपूर्ण मराठीत, चष्मा आणि मशीन लावून. १९ चे २३ झाले की १५, यातून जे कळेल ते आजच्या एका आकड्यातून कळत नाही. आणि अमावास्या टाळा.

कोल्हापुरी_साज

धागा वाचनखुणेत ठेवला. कोल्हापूर-सांगलीकडे मराठीत व्यवस्थित चाचणी घेणारं कुणी माहीत आहे का? मुलगा आठवीत आहे, वाचताना ओळी गाळतो. आणि नोंदणी कशी बघायची?

हिमांगी_व्ही

नावं इथे देत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून बघता येतं. समोरच्याला क्रमांक विचारायला लाजू नका. जो चिडेल त्याच्याकडे जाऊ नका. ओळी गाळतो म्हणताय तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.